पहिली डर्ट बाइक रेस : तिसऱ्या लॅपला हात भरून येतात, मदत हवी आहे

नमस्कार. चार आठवड्यांनी माझी पहिली मोटोक्रॉस रेस आहे, नवशिक्यांच्या गटात. दोन मोटो (म्हणजे रेसचे दोन भाग), प्रत्येकी १० मिनिटं आणि वर दोन लॅप. वय ३४, बाइक २५० सीसी फोर-स्ट्रोक, सराव दीड वर्षाचा.

तिसऱ्या लॅपपासून कोपराखालचे हात दगडासारखे होतात. गेल्या रविवारी क्लचवरचं बोट उचलेना. कशीबशी बाहेर आले, ग्लोव्ह दातांनी ओढून काढला आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण दुसऱ्याकडून उघडून घेतलं. बोटं अर्धी मिटलेलीच राहिली होती. दम मात्र लागला नव्हता. आठवड्यातून तीनदा पळते, दोनदा रोइंग करते. हातात ताकद कमी पडतेय असं वाटून महिनाभर स्प्रिंगचा ग्रिपर दाबतेय, काडीचा फरक नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. एकटी असले की मी चांगली चालवते, टेबलटॉप (सपाट माथ्याचा उंचवटा) एका उडीत पूर्ण मारते. पण मागून इंजिनाचा आवाज जवळ आला की सगळं विसरते. नजर पुढच्या चाकावर येते, सीटवर बसते, जंपच्या तोंडाशीच थ्रॉटल सोडते. पाच जणांत ही गत, मग स्टार्टच्या गेटवर वीस जण असताना पहिल्या वळणावर काय होईल? झोपताना तेच वळण डोळ्यांपुढे येतं. नंबर नकोय मला. दोन्ही मोटो पूर्ण व्हाव्यात आणि माझ्यामुळे कुणाला लागू नये, एवढंच. या चार आठवड्यांत काय करू, काय सोडून देऊ?

उत्तर १

ताई, ग्रिपर आजच बंद करा. राबणाऱ्या स्नायूंत रक्त भरतं, ते फुगतात, भोवतीचं आवरण ताणलं जात नाही, आत दाब वाढतो आणि रक्ताला परत जायला वाट उरत नाही. त्यात ग्रिपर दाबून काय मिळणार? तुम्ही हँडलला लटकताय. बाइक गुडघ्यांनी धरायची. पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) चवड्यांवर उभं राहायचं, गुडघे टाकीला घट्ट, कंबरेतून वाकायचं, कोपरं वर. सरळ पट्ट्यावर ग्रिपवरची बोटं जरा हलवून बघा. हलत नसतील तर मूठ आवळलेली आहे. लिव्हरही तपासा : उभं असताना मनगट न मोडता बोटं लिव्हरवर पोचली पाहिजेत.

तुमच्या दोन अडचणी मला एकच वाटतात. आवाज आला की श्वास कोंडतो, श्वास कोंडला की मूठ आवळते, मग तुम्ही बसता आणि हात भरतात. म्हणून प्रत्येक जंपच्या तोंडाशी श्वास जोरात बाहेर सोडा, अगदी ऐकू येईल असा. आणि ओळखीच्या कुणाला तरी मुद्दाम मागे चालवायला सांगा, ओव्हरटेक न करता, रोज दोन लॅप. त्या आवाजाची सवय घरी बसून होत नाही. मागचा जास्त वेगात असेल तर वाट काढणं त्याचं काम. तुम्ही तुमची लाइन सोडू नका, अचानक बाजूला तर मुळीच होऊ नका.

स्टार्टला बाहेरच्या टोकाचं गेट घ्या. पहिलं वळण लांबून पडतं, पण मोकळं मिळतं. बहुतेक ठिकाणी स्टार्टआधी दाखवतात ती ३० सेकंदांची पाटी आडवी झाली की ५ ते १० सेकंदांत गेट पडतं, म्हणजे रेस सुटते. त्या वेळात नजर फक्त गेटवर, शेजाऱ्याकडे नको.

उत्तर २

शेवटच्या आठवड्यात जड व्यायाम नको, नवे बूट तर नकोतच. ट्रॅक पायी चालून घ्या. गेटवर जाण्याआधी १०-१५ मिनिटं अंग गरम करा. थंड हात हमखास भरतात. पिवळा झेंडा हलताना दिसला की वेग कमी, जंप नाही, ओव्हरटेक नाही. आणि विश्रांतीनंतरही बोटं बधिर राहत असतील तर डॉक्टरांना दाखवा, ते अंगावर काढू नका.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. बधिरपणा नाही, दहा मिनिटांत हात सैल होतात. आत्ताच गाडीवर उभी राहून पाहिलं : दोन्ही लिव्हर वर उचललेले आहेत, मनगट चांगलंच मोडतंय. दीड वर्ष तसंच चालवलं! खाली फिरवले. शनिवारी मैत्रीण मागे चालवणार आहे. आधी पाच लॅप श्वास सोडत एकटीने करू, की पहिल्या लॅपपासूनच तिला मागे घेऊ?

उत्तर १

तीन लॅप एकटीने. हात सैल वाटले तरच तिला बोलवा.