रविवारच्या सभेतून उठून गेलेल्यांना एक प्रश्न

देशपांडे (बी-३०४): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायच्या सभेला ४६ जण हजर होते. चहा झाला, बटाटेवडे झाले, मोडकांनी मतदान पुकारलं आणि नऊ जण उठून चालते झाले. कोरम, म्हणजे किमान हजेरी, ४० ची. सभा बोंबलली. हॉलचं भाडं, शूटिंगवाला, निबंधक कार्यालयातून आलेले साहेब, सगळं पाण्यात. विरोध असेल तर हात वर करून विरोध करा ना! मत द्यायला बोलावलं होतं, वडे खायला नाही.

पाटील (सी-१०१): वडे मात्र झकास होते 🙏

केळकर (ए-२०३): काका, 'चालते झालो' नाही. निषेध नोंदवून सभात्याग केला, शूटिंग बघा. तिसऱ्या बिल्डरची ऑफर शनिवारी रात्री साडेदहाला इथे ग्रुपवर टाकली, बेचाळीस पानं. आणि सकाळी दहाला मत द्या? विधानसभेत सभात्याग झाला की तुम्हीच टाळ्या वाजवता.

देशपांडे (बी-३०४): मी? कधी?

केळकर (ए-२०३): नोव्हेंबर २०१९. कट्ट्यावर. साक्षीदार आहेत.

मोडक, सचिव: ग्रुपवर राजकारण नको, ही नम्र विनंती.

अ‍ॅड. गोखले (ए-४०१): राजकारण नाही, हिशोब सांगते. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी भाजपचे आमदार बाहेर पडले. ठराव १६९ मतांनी मंजूर झालाच. कारण आपल्या विधानसभेचा कोरम एक-दशांश, २८८ पैकी २९. राज्यघटना, कलम १८९. अख्खा विरोधी पक्ष बाहेर गेला तरी आत काम चालू राहतं. म्हणजे आपल्याकडे आमदारांचा सभात्याग ही नुसती नाराजी. त्याने मतदान अडत नाही, उलट सरकारचं काम सोपं होतं. केळकर, तुम्ही केलंत ते वेगळं. पुनर्विकासाच्या सभेला ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने दोन-तृतीयांश कोरम ठेवलाय. तिथे उठून जाणं म्हणजे मतदानच होऊ न देणं.

देशपांडे (बी-३०४): तेच म्हणतोय! मत द्यायला बोलावलं होतं, वडे खायला नाही.

साने (सी-५०१): गोखले मॅडम, इथे अमेरिकेत, टेक्सासात अगदी हाच खेळ झाला. १५० चं सभागृह, कोरम दोन-तृतीयांश, म्हणजे १००. ऑगस्ट २०२५ मध्ये रिपब्लिकनांनी मतदारसंघांचे नकाशे मध्येच बदलायला काढले, काँग्रेसमध्ये आपल्या पाच जागा वाढाव्यात म्हणून. विरोधी डेमोक्रॅट आमदारांकडे मतं कमी, मग करणार काय? उठले आणि बहुतेक जण थेट शिकागोला. दुसऱ्या राज्यात इथल्या पोलिसांचा हात पोचत नाही. दिवसाला ५०० डॉलर दंड, वर वॉरंट.

पाटील (सी-१०१): काँग्रेसमध्ये पाच जागा रिपब्लिकनांच्या? तिकडेही पक्षांतर?

साने (सी-५०१): पाटीलसाहेब, काँग्रेस म्हणजे इथली संसद 😄

पाटील (सी-१०१): आपले नऊ जण कुठे गेले होते मग? वेताळ टेकडी? काय झाडी, काय डोंगार!

जगताप (बी-१०२): ते २०२२ चं गुवाहाटी प्रकरण कोरमचं नव्हतं. ते आमदार सरकार पाडायला गेले होते. काहीही जोडू नका.

मोडक, सचिव: राजकारण नको. पुन्हा विनंती.

देशपांडे (बी-३०४): साने, टेक्सासात शेवटी झालं काय ते सांग. नकाशा थांबला?

साने (सी-५०१): नाही काका. दोन आठवड्यांनी परत आले आणि २० ऑगस्टला ८८ विरुद्ध ५२ ने मंजूर झाला. परतलेल्यांना 'पोलीस बरोबर राहतील' अशा कागदावर सही केल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते. फोर्ट वर्थच्या निकोल कॉलियरबाईंनी सही करायला नकार दिला आणि सभागृहातच रात्र काढली.

देशपांडे (बी-३०४): म्हणजे उपयोग शून्य.

केळकर (ए-२०३): शून्य कसा? चुपचाप झालं असतं ते देशभर गाजलं. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये जनमत घेऊन डेमोक्रॅटांच्या फायद्याचा उलटा नकाशा मंजूर केला. दोन आठवडे मिळाले, त्यात लोकांनी कागद वाचले. आम्हालाही तेवढंच हवंय.

अ‍ॅड. गोखले (ए-४०१): आणि हे एकाच पक्षाचं नाही. ओरेगॉन राज्यात २०१९ ला रिपब्लिकन सेनेटर शेजारच्या राज्यात जाऊन बसले आणि हवामानाचं विधेयक खरंच बारगळलं. पण लोक वैतागले. २०२२ ला जनमतानेच नियम झाला: विनापरवाना दहा गैरहजेऱ्या, की पुढच्या वेळी उभं राहता येणार नाही. तरी २०२३ ला पुन्हा गेले. दहा जणांना त्याचा फटका बसला, २०२४ ला कोर्टानेही तो नियम उचलून धरला.

देशपांडे (बी-३०४): हा नियम आपल्या सोसायटीला लावा. आजच.

जगताप (बी-१०२): लावला तर पहिले साने जातील. त्यांचा पाच वर्षं सभात्यागच चालू आहे, तोही ऑस्टिनहून.

साने (सी-५०१): 🙈 मेंटेनन्स वेळेवर भरतो हो.

मोडक, सचिव: तो मुद्दा वेगळा. मार्चचा राहिलाय.

साने (सी-५०१): सचिवसाहेब, तुमच्या उपयोगाचं सांगतो. २०११ ला विस्कॉन्सिन राज्याचे चौदा विरोधी सेनेटर असेच राज्याबाहेर गेले होते. पण तिथे मोठा कोरम फक्त पैशांशी संबंधित विधेयकांना लागायचा. सत्ताधाऱ्यांनी पैशांची कलमं काढून टाकली आणि उरलेलं मंजूर करून मोकळे झाले.

मोडक, सचिव: अच्छा.

केळकर (ए-२०३): या 'अच्छा'चा स्क्रीनशॉट घेतलाय मोडकसाहेब.

मोडक, सचिव: अवश्य ठेवा. पारदर्शक कारभार आहे.

भोसले (बी-४०३): सगळे अमेरिका फिरून आले असतील तर एक बोलू का? आमच्या विंगला लिफ्ट नाही. सासूबाई वर्षभर खाली उतरल्या नव्हत्या. सभासद त्या आहेत, म्हणून रविवारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून ह्यांनी आणि वॉचमनने चार मजले उतरवल्या. प्रत्येक लँडिंगला खुर्ची टेकवत. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. मत न देताच तशाच वर नेल्या. तुम्हाला पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. त्यांचं वय एक्याऐंशी.

पाटील (सी-१०१): 🙏

केळकर (ए-२०३): वहिनी, आजींना त्रास झाला, मनापासून वाईट वाटतं. पण म्हणून बेचाळीस पानं न वाचता घर लिहून द्यायचं? पुढच्या चार वर्षांचं भाडं कोण देणार, ते एकतिसाव्या पानावर बारीक अक्षरात आहे. तेही आजींच्याच घराचं आहे.

अ‍ॅड. गोखले (ए-४०१): माझं स्पष्ट मत. कोरम मोठा ठेवलाय तोच मुळी थोड्यांना बाजूला सारून बहुमताने घर विकू नये म्हणून. त्यामुळे उठून जाणं हा गुन्हा नाही, आमदारांनाही नाही आणि केळकरांनाही नाही. पण काय मिळालं की परत येऊ, हे सांगूनच उठावं. कारण न सांगता उठलेला माणूस विरोधक राहत नाही, अडवणूक करणारा होतो. पंधरा दिवस हवे होते तर तसं मागायचं.

केळकर (ए-२०३): मागितले होते मॅडम! शूटिंगमध्ये असेल. माझ्या हातातून माईक काढून घेतला.

मोडक, सचिव: माईकची बॅटरी गेली होती.

केळकर (ए-२०३): माझ्याच वेळी?

पाटील (सी-१०१): टेक्सासात वॉरंट, आपल्याकडे बॅटरी 😂

देशपांडे (बी-३०४): विषय भरकटतोय. मत द्यायला बोलावलं होतं, वडे खायला नाही.

जगताप (बी-१०२): काका, तिसऱ्यांदा. आणि तुम्ही चार खाल्लेत.

देशपांडे (बी-३०४): तीन.

मोडक, सचिव: सूचना: तहकूब सभा महिन्याच्या आत घ्यावी लागेल, नोटीस उद्या लावतो. तिन्ही ऑफरचा तुलनात्मक तक्ता मराठीत छापून आठ दिवस आधी घरोघरी देऊ. वायरवाला माईक आणतो.

केळकर (ए-२०३): तक्ता मिळाला तर आम्ही नऊही जण शेवटपर्यंत बसू. लिहून देतो.

भोसले (बी-४०३): सभा पार्किंगमध्ये घ्या, हॉल नको. आणि खुर्ची धरायला दोन माणसं लागतील. वॉचमन गावी चाललाय. कोण येणार ते आत्ताच सांगा.

केळकर (ए-२०३): मी येतो वहिनी.

देशपांडे (बी-३०४): दुसऱ्या मजल्यावर सभात्याग करू नका म्हणजे झालं.