डीच्या मागे एच लागला की पाहुणा आला समजायचं (ढाक, ढोल आणि चण्याची 'ढाल')

काल रात्री पोरीसोबत स्क्रॅबल खेळत होतो. नववीत आहे, इंग्रजी माध्यम, म्हणजे बापाची लाज काढायचं लायसनच. तिने चार ठोकळे मांडले, डी-एच-ए-के. मी म्हटलं हे काय, धक? धक्का अर्धा राहिला का? तर म्हणे बाबा ढाक, झाडाचं नाव आहे, डिक्शनरीत आहे. मी म्हटलं शक्यच नाही, पैज लावली, मोबाईलवर पाहिलं तर खरंच होतं बुवा. डीचे 2, एचचे 4, एचा 1 आणि केचे 5, असे 12 गुण घेऊन गेली आणि वरून आइस्क्रीम.

झाड कोणतं म्हणाल तर आपला पळस! मनसरकडे जाताना होळीच्या टायमाला दोन्ही बाजूने पेटलेला असतो तोच. हिंदीत त्याला ढाक म्हणतात, 'ढाक के तीन पात' ऐकलं असेलच, आपण 'पळसाला पाने तीनच' म्हणतो तेच ते. जन्मभर पळसाच्या पत्रावळीवर जेवलो आणि त्याचं इंग्रजी नाव पोरीने सांगितलं.

मग झोप कुठली येते. डी-एचने सुरू होणारे शब्द काढत बसलो. चार अक्षरी चारच सापडले: ढाक, ढोल, धाऊ (अरबी समुद्रातली शिडाची होडी) आणि डी-एच-ए-एल. लांबले की धोबी, धोती, धर्म, पारशी लोकांचं धानसाक वगैरे. यात अस्सल इंग्रजी एकही नाही! इंग्रजीच्या घरात ध पण नाही आणि ढ पण नाही, म्हणून आपल्याकडचा शब्द उचलला की डीला एच चिकटवून ठेवतात आणि बोलताना एच खिशात टाकून सरळ ड म्हणतात. धोबीचा डोबी, धर्माचा डार्मा. आपल्या धंतोलीला मोबाईलच्या नकाशातली बाई डंटोली म्हणते ते त्याच्यामुळेच.

पण खरी गंमत डी-एच-ए-एलची आहे. हा ढाल नाही, ही दाळ आहे! दाळ म्हणा, डाळ म्हणा की हिंदीतलं दाल म्हणा, ह कुठेच नाही, तरी त्यांनी एच लावलाच. भारतातला शब्द आहे ना, मग थोडा एच भुरभुरायला पाहिजे, असं वाटलं असेल. माझा भाचा लंडनहून पाकीट घेऊन आला होता, आमच्या आईने चष्मा लावून वाचलं 'चना ढाल'. म्हणे लढाईवर जायचं आहे का वरण करायचं आहे? सतरंजीवाली दरी असते तिचं पण हेच केलंय, स्पेलिंगमध्ये फुकटचा एच घुसवलाय (बिनाएचचं स्पेलिंग पण चालतं, तेवढी मेहरबानी).

कोणाला अजून असे माहीत असतील तर सांगा, पुढच्या रविवारी मला बदला घ्यायचा आहे.

*

भाऊ, 'एकही नाही' म्हणू नका, ॲडहिअर आहे ना, चिकटणे. चाइल्डहूड, रेडहेड, मॅडहाऊस. डी-एच, डी-एच, डी-एच.

*

ताई, मी सुरुवातीला डी-एच म्हटलं. तुमच्या शब्दांत डी एका घरचा, एच दुसऱ्या घरचा, मध्ये भिंत आहे. चाइल्ड वेगळं, हूड वेगळं. ॲडहिअर पण लॅटिनमधून जोडूनच आलेला आहे. दोघं मिळून एक आवाज काढत नाहीत. आपल्या साधूमध्ये आणि संधीमध्ये काढतात, आणि हो, संधी हा पण इंग्रजी डिक्शनरीत आहे, चान्सवाली नाही, व्याकरणातली.

*

पेंचला गेलो होतो तेव्हा बोर्डावर डी-एच-ओ-एल-ई आणि खाली लाल कुत्र्याचा फोटो. आमच्या गाडीत एक ढोले साहेब होते, दिवसभर बिचाऱ्यांना कोणी सोडलं नाही. गाइडने सांगितलं रानकुत्रा. मग इंग्रजीत ढोल कुठून आलं? आपल्याकडे तर कोणीच ढोल म्हणत नाही.

*

तेच तर कोडं आहे. माझे आजोबा कोळसुंदा म्हणायचे, कोणी कोळसून म्हणतं. इंग्रजी शब्दकोश या शब्दाचं मूळ अनिश्चित म्हणून सोडून देतात. उच्चार ते 'डोल' करतात, वाजवायच्या ढोलाशी काही नातं नाही. तसा हा प्राणी भुंकण्यापेक्षा शिट्टी मारतो, कळप पांगला की शिट्ट्या मारून गोळा होतो, त्यामुळे नाव वाजंत्र्यांचं द्यायचंच होतं तर बासरी द्यायला पाहिजे होतं.

*

धाग्यात एक राहिलं, डी-एच-आय-के-आर. सूफी लोक अल्लाचं नाव घेत बसतात ते. सगळे धिक्र वाचतात, पण शब्द अरबी आहे आणि तिथे डी-एच म्हणजे ध नाहीच, इंग्रजीत 'धिस', 'दॅट' म्हणताना जीभ दातांत येते तो आवाज. उर्दूत येता येता त्याचा ज झाला. म्हणजे हा आपला रोजचा जिक्र! 'माझा जिक्र कुठे केलास' मधला.

*

काय सांगता राजे हो! हे भारीच निघालं. म्हणजे एकाच डी-एचच्या कपाटात धोबीचा ध आहे, ढोलाचा ढ आहे, दाळीचा साधा द आहे आणि हा अरबी आवाज वेगळाच. स्पेलिंग पाहून उच्चार करणाऱ्याचं मरणच. मला फक्त एक खटकतं की यातले बहुतेक हिंदीच्या दारातून गेले, पळस पण त्यांनी पळस म्हणून नेला नाही. मराठीच्या खात्यावर मुंगूस आहे, मोंगूस झाला तरी ओळखू येतो, पण त्यात डी-एच नाही ना, माझ्या काय कामाचा.

*

ई-डी-एच टाका. तीन अक्षरं, 7 गुण. जुन्या इंग्रजीत या 'धिस, दॅट'वाल्या आवाजाला वेगळं अक्षर होतं, डीच्या डोक्यावर आडवी रेघ मारलेलं, त्याचं नाव. आइसलँडवाले आजही वापरतात. पोरगी नक्की हरकत घेईल, पैज आइस्क्रीमची लावा.

*

लावली होती. तिला माहीत होतं. आता दोन आइस्क्रीम झाले.