रात्रीच्या जुन्या इमारतीचं एचडीआर बिघडतंय, कडांना पांढरी झालर येते, मदत हवी

दगडफूल: एका जुन्या दगडी इमारतीचे रात्रीचे फोटो काढतोय. खालून प्रखर झोत सोडलेत, कमानींमध्ये पिवळे दिवे आहेत आणि वरची नक्षी पार अंधारात. एचडीआरसाठी कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो एकत्र केले की इमारतीच्या कडेने आकाशात पांढरट झालर दिसते, नक्षीवर ठिपकेच ठिपके, आणि कमानीतले दिवे तरीही फटफटीत पांढरे. सगळे स्लायडर फिरवून झाले. उद्या पुन्हा जायचंय, परवा ही रोषणाई उतरवणार आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ तेवढंच सांगा, प्लीज लवकर.

निशाचर: सॉफ्टवेअरचं नंतर बघू. ट्रायपॉड होता का? रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) की जेपीईजी? तिन्ही फोटोंचे शटर (किती वेळ उघडं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ (संवेदनशीलता) काय?

दगडफूल: ट्रायपॉड अर्थातच. रॉ. ब्रॅकेटिंग, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त उजेडात, अधिक-उणे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सगळे लावतात तसंच.

जुनीफिल्म: माझं स्पष्ट मत, एचडीआर करूच नका. रात्र रात्रीसारखी दिसू द्या. एकच रॉ थोडा अंडर, म्हणजे गडद काढा आणि सावल्या नंतर उचला. आजचे सेन्सर बेस (मूळ) आयएसओला तीन-चार स्टॉप सहज देतात. असल्या कारागिरीने इमारत प्लास्टिकची दिसते.

चौकट: जुनीफिल्म, पेटलेला दिवा आणि अंधारातली नक्षी एका फ्रेममध्ये मावत नाहीत. दिवा सांभाळाल तर नक्षीच्या जागी नॉइज, म्हणजे ठिपके उचलाल. आणि फोटो जोडणं काही आजचं नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात आकाश आणि समुद्र वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकाच प्रिंटमध्ये आणले होते.

जुनीफिल्म: त्यांच्या प्रिंटमध्ये झालर नव्हती. माझा आक्षेप टोन मॅपिंगच्या, म्हणजे एचडीआरचा उजेड-अंधार पडद्यावर मावेल असा दाबण्याच्या, अतिरेकाला आहे.

तिपाईवाला: दगडफूल, किती वाजता काढता? काळ्याकुट्ट आकाशात काढूच नका. सूर्यास्तानंतर साधारण वीस ते चाळीस मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि रोषणाईच्या जवळपास येतं. तेव्हा अर्धं एचडीआर निसर्गच करून देतो. मी उशिरा काढणं सोडूनच दिलंय.

दगडफूल: झोत नऊ वाजता लागतात. लवकर जाऊन उपयोग नाही.

तिपाईवाला: मग संधिप्रकाशात एक फ्रेम घ्या, ट्रायपॉड तसाच ठेवा, नऊला बाकीच्या घ्या आणि मास्क लावून, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला हवा तेवढाच भाग ठेवून जोडा. आकाश स्वच्छ मिळेल.

तारांगण: दिव्यांना छान तारे हवे असतील तर एफ/१६, म्हणजे खूप लहान छिद्र वापरा. अ‍ॅपर्चरची पाती विषम असतील तर टोकं दुप्पट येतात, म्हणजे सात पात्यांना चौदा. सम असतील तर पात्यांइतकीच.

दगडफूल: तारे नकोत, झालर घालवायची आहे. निशाचर, आकडे: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (शटर कॅमेराच ठरवतो), एफ/११, आयएसओ १००. शटर ५, २० आणि ३० सेकंद.

निशाचर: सापडलं! २० च्या दोन स्टॉप वर ८० सेकंद हवेत. तुमचा कॅमेरा ३० ला थांबला, म्हणून तिसरा फोटो जेमतेम अर्धा स्टॉप उजळ आलाय. नक्षीला प्रकाशच मिळालेला नाही, ठिपके त्यामुळे. आणि दिव्यांसाठी ५ सेकंद फार जास्त. मॅन्युअलवर जा, एफ/५.६ ठेवा; छिद्र मोठं झाल्याने एफ/११ च्या ८० सेकंदांचं काम २० मध्ये होतं. इमारत लांब आहे, वाइड लेन्स असेल तर डेप्थ (जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येणं) पुरते. २०, ५, १.३ आणि ०.३ सेकंद अशा चार फ्रेम घ्या. दिवे तरीही जळाले तर अजून एक, १/१३ ला. अ‍ॅपर्चर आणि फोकस मध्ये हलवू नका.

चौकट: झालर मात्र टोन मॅपिंगची. उजळ भिंत आणि काळं आकाश एकमेकांना भिडतात तिथे लोकल कॉन्ट्रास्ट (जागोजागचा उजेड-अंधाराचा फरक) जास्त लावला की ती येतेच. एन्फ्यूज हे सॉफ्टवेअर वापरून बघा, फुकट आहे. ते एचडीआर फाइल बनवतच नाही, प्रत्येक फ्रेममधला नीट एक्सपोज झालेला भाग उचलून मिसळतं. ही पद्धत मेर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडली.

जुनीफिल्म: हे मान्य. एन्फ्यूजचे फोटो डोळ्याला खुपत नाहीत.

तारांगण: पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने काढा.

चौकट: दिवे कोणते त्यावर आहे. लो-प्रेशर सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. त्यात दगडाचा खरा रंग नोंदलाच जात नाही, परत कुठून आणणार?

दगडफूल: आकडे लिहून घेतले. पण प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा बराच वेळ अडकून बसतो, तेवढ्यात माणसं फ्रेममध्ये येतात. कार्ड बदलू का?

निशाचर: कार्ड नाही, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असणार. २० सेकंदांच्या फोटोनंतर तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची काळी फ्रेम घेतो. बंद करा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही (हात हलल्याची भरपाई) बंद. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा, नाहीतर कमानीतल्या दिव्यांची उलटी प्रतिबिंबं आकाशात येतात आणि चार फ्रेम मिसळल्या की ती जास्तच ठळक होतात.