मदत हवी: जुन्या टीव्ही गेमची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही

मंडळी, प्रश्न पोरकट आहे, पण गेले चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही.

माळा आवरताना माझा शाळेतला टीव्ही गेम सापडला. त्या काळी गल्लीत दोन-तीन घरांत असायचाच, तो पांढरा डबा, दोन रिमोट, पिवळी कॅसेट आणि बंदूक. कॅसेटवर '९९९९९९ इन वन' असं छापलंय. खरे गेम सातच, बाकी तेच फिरून फिरून. अ‍ॅडॅप्टर मेला होता, म्हणून व्होल्ट आणि पिनची अधिक-उणे बाजू जुळवून नवा आणला. पिवळी-पांढरी वायर नव्या ४३ इंची टीव्हीला जोडली, कॅसेटला फुंकर मारली, आणि काय सांगू, तिसऱ्या फुंकरीला चालू!

नऊ वर्षांचा भाचा सुट्टीला आलाय. त्याच्यासमोर भाव खायला मिळणार म्हणून मारिओ लावला. पहिल्याच खड्ड्यात पडलो, दुसऱ्यांदाही. बटण दाबल्यावर उडी जरा उशिराच येते असं वाटत होतं, पण वयाचा परिणाम म्हणून गप्प बसलो. भाचा म्हणाला, "मामा, लॅग आहे."

मग बदकं मारायचा गेम लावला. चाप ओढला की आवाज येतो, स्क्रीन लुकलुकते, तीन गोळ्या संपतात. बदक मात्र मरत नाही. एकही नाही! दर वेळी ते कुत्रं गवतातून वर येऊन हसतं. नळी काचेला टेकवून पाहिली, खोलीत अंधार केला, टीव्हीचा उजेड शंभरावर नेला, बंदूक दुसऱ्या सॉकेटात लावली. दुसऱ्या सॉकेटात तर चापच चालेना. भाच्याने निकाल दिलाय की बंदूक 'शोची' आहे आणि लहानपणी आम्ही सगळे थापा मारायचो.

बंदूक खराब झालीय का? उघडू का? सुट्टी संपायला आठच दिवस उरलेत.

खोडरबर: नळीच्या तोंडाशी भिंग असतं, त्यावर बुरशी धरते. कापूस फिरवून बघा.

धागाकर्ता: फिरवला. कापूस काळा झाला, बदक ठणठणीत.

बत्तीगुल: बंदूक उघडू नका, ती बहुतेक चांगली असेल. दोष टीव्हीचा आहे, म्हणजे तो नवा असण्याचा.

या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, ती फक्त बघते. भिंगामागे उजेड ओळखणारा एक छोटा भाग असतो. चाप ओढला की गेम एका चित्रापुरती स्क्रीन पूर्ण काळी करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. तुम्हाला दिसलेली लुकलुक ती हीच. बंदुकीला आधी काळं आणि लगेच पांढरं दिसलं तर बदक मेलं. दोन बदकं असली तर दोन चौकोन एकामागोमाग येतात, त्यावरून कुठलं मेलं ते कळतं. आधी काळं बघायची अटही मुद्दाम घातलेली आहे, नाहीतर पोरांनी बल्बकडे नेम धरून अख्खा गेम जिंकला असता.

आपल्याकडच्या टीव्हीवर, म्हणजे 'पाल' (PAL) या प्रसारण पद्धतीत, सेकंदाला ५० चित्रं यायची, म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. डबा टीव्ही, म्हणजे जुना पिक्चर ट्यूबवाला, सिग्नल आला की तसाच काचेवर रेखाटतो. सपाट टीव्ही आधी ते चित्र साठवतो, ताणून मोठं करतो, मग दाखवतो. तोवर गेमने विचारून झालेलं असतं, बंदुकीने 'काही दिसलं नाही' सांगितलेलं असतं, आणि कुत्रं निघालेलं असतं. शिवाय बऱ्याच बंदुका पिक्चर ट्यूबच्या लुकलुकीलाच दाद देतात. त्यामुळे उजेड शंभरावर नेऊन उपयोग नाही.

मारिओ खड्ड्यात पडला तोही याच उशिराने. वयाला दोष देऊ नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर लावा, उड्या सुधारतील. बंदूक नाही सुधारणार.

आणि कॅसेटला फुंकर मारणं बंद करा. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, त्यात इअरबड बुडवून पट्ट्या पुसा.

खोडरबर: सपाट टीव्हीवर चालणारी नवी बंदूक नाही का मिळत?

बत्तीगुल: मिळते. सिंडेन म्हणून आहे, तिच्यात कॅमेरा असतो आणि स्क्रीनभोवती पांढरी चौकट लागते. पण ती संगणकाला जोडायची, या डब्याला नाही. मामांची अब्रू याच डब्यावर वाचवायची असेल तर डबा टीव्ही शोधा. भंगारवाल्याकडे, केबलवाल्याकडे विचारा. बिघडलेला मिळाला तर मागचं झाकण स्वतः काढू नका, बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून असू शकतात.

धागाकर्ता: आमचा डबा टीव्ही आईने गेल्या दिवाळीत भंगारात घातला. त्याच्या पैशांत आणलेली किसणी रोज डोळ्यांसमोर आहे.

धागाकर्ता (दोन दिवसांनी): कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे १४ इंची मिळाला. त्याला पिवळ्या वायरचं भोकच नाही, फक्त अँटेनाचं. गेमच्या डब्यामागे अँटेनाची पिन होती, ती लावली आणि चॅनेल शोधायचं चाक अर्धा तास फिरवलं. मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि अचानक निळं आकाश. भाच्याने पहिल्याच गोळीला बदक पाडलं. कुत्र्याने ते उचलून दाखवलं तेव्हा आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

बत्तीगुल, तुम्हाला आमच्याकडून एक जेवण लागू.

आता नवी अडचण. काकांना टीव्ही रविवारी परत हवाय, कारण त्यावर ते मॅच बघतात. मिरज-सांगलीकडे कुणाच्या माळ्यावर चालू डबा टीव्ही पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी गाडी घेऊन येतो.