हिऱ्याची खिडकी किती लेझर पिते? एफटीआयआरवाल्यांना उत्तर

किरणकर (धागाकर्ता)
परवाच्या एका पोस्टीत ठणकावून लिहिलंय की सीव्हीडी हिरा (वायूतून थरावर थर चढवून लॅबमध्ये वाढवलेला) अवरक्तात पारदर्शकच असतो, कार्बन डायऑक्साइड लेझरच्या खिडकीचं, म्हणजे झोत ज्यातून बाहेर पडतो त्या पारदर्शक तबकडीचं, शोषण एफटीआयआरवर (अवरक्त वर्णपट काढणाऱ्या यंत्रावर) मिनिटात कळतं, कॅलरीमेट्री, म्हणजे खिडकी किती तापते त्यावरून शोषण मोजणं, कशाला? खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही.

१०.६ मायक्रॉनला, म्हणजे या लेझरच्या तरंगलांबीला, हिऱ्याचा अपवर्तनांक २.३८. कोटिंग नसेल तर नुसत्या परावर्तनामुळे ७१ टक्केच प्रकाश पार होतो. चांगल्या मालाचा शोषण गुणांक सेंटिमीटरला ०.०५ धरा. एक मिलिमीटर जाडीत शोषण झालं अर्धा टक्का. वर्णपटात पारगमन त्याहूनही कमी घटलेलं दिसणार. बेसलाइन (वर्णपटाची आधाररेषा) जरा सरकली की तो फरक गडप! १० किलोवॅटच्या झोतात मात्र तोच अर्धा टक्का म्हणजे ५० वॅट उष्णता.

आता कॅलरीमेट्री. १० मिलिमीटर व्यासाची तीच तबकडी भरते ०.२८ ग्रॅम. २० वॅट सोडले तर ०.१ वॅट आत मुरतो आणि तापमान सुरुवातीला सेकंदाला ०.७ अंश चढतं. साधं थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) ते पकडतं. लेझर चालू असतानाचा चढ आणि बंद केल्यावरचा उतार, दोन्हींवरून शोषण काढायचं. आयएसओ ११५५१, हे शोषण मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक, हेच सांगतं.

वर्णपटप्रेमी
ती पोस्ट माझी, आणि तुम्ही ती अर्धीच वाचलीत. हिऱ्यात नायट्रोजनची भेसळ असेल तर ती वर्णपटात ७ ते १० मायक्रॉनच्या पट्ट्यात लगेच दिसते, माल तिथंच बाद. तुमच्या थर्मोकपलवर विखुरलेला लेझर थेट पडतो त्याचं काय? बहुस्फटिकी हिऱ्यात विखुरणं असतंच.

किरणकर
पडतो. पण त्याची उडी लेझर चालू करताक्षणी येते, तबकडीची ऊब मागाहून चढते. उडी सोडून नंतरचा चढ-उतार मोजा. हिऱ्यात उष्णता इतकी झटपट पसरते की कडेला लावलेलं थर्मोकपलही पुरतं.

सेलेनाइडवाली
दोघेही चुकीच्या आकड्यावर भांडताय. अशा खिडक्यांसाठी वापरतात त्या झिंक सेलेनाइडचा शोषण गुणांक ०.०००५, हिऱ्याच्या शंभरावा हिस्सा. तरी जास्त पॉवरला हिराच टिकतो, कारण उष्णता वाहून नेण्यात तो शंभरपटीहून सरस आणि तापल्यावर त्याचा अपवर्तनांक कितीतरी कमी बदलतो.

सोनचाफा
लॅबच्या हिऱ्याचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. लेकीच्या लग्नात लॅबग्रोनच्या कुड्या केल्या. मोडायला गेलो तर त्याच सराफानं हिऱ्याचे पैसे धरलेच नाहीत, फक्त सोन्याचे दिले. खरा हिरा खाणीतलाच.

कर्बवेडा
ताई, तुमचा राग सराफावर हवा, हिऱ्यावर नको. दोन्ही कार्बनच, रचनाही तीच. दुकानातला टेस्टर उष्णतावहन बघतो, त्याला दोन्हींतला फरक कळतसुद्धा नाही.

सोनचाफा
रचना तीच म्हणून माझे पैसे परत येणार आहेत का? विकताना "अगदी तोच हिरा", घेताना "हा लॅबचा". फसवणूकच ना ही?

वर्णपटप्रेमी
ताईंचं बरोबर आहे. १९७८ च्या, शुक्रावर गेलेल्या पायोनियर व्हीनस यानावर अवरक्त उपकरणाला खिडकी होती ती नैसर्गिक हिऱ्याची!

कर्बवेडा
कारण तेव्हा त्या आकाराचा सीव्हीडी मिळतच नव्हता! आणि बहुतेक खाणीच्या हिऱ्यांत नायट्रोजन असतो, तुम्हीच वर ज्याला बाद म्हणालात तोच. सोयीपुरतं विज्ञान वापरू नका.

वर्णपटप्रेमी
भाषा सांभाळा. पंधरा वर्षं वर्णपट काढतोय मी.

सेलेनाइडवाली
कुड्यांसाठी वेगळा धागा काढा, कृपा करून. मोजमापावर या. पृष्ठभागाचं शोषण वेगळं कसं काढणार?

किरणकर
एकाच पॉलिशच्या, दोन जाडींच्या तबकड्या घ्या. जाडीबरोबर वाढतं ते आतलं, उरतं ते पृष्ठभागाचं. त्याआधी नीट पुसा, बोटाचा तेलकट ठसासुद्धा आकडा फुगवतो.

वर्णपटप्रेमी
अर्धा टक्का एफटीआयआरवर छातीठोक सांगता येत नाही, एवढंच मान्य. पण नायट्रोजनची चाळणी आधी लावा, मग तापवत बसा.

किरणकर
चाळणीला माझी कधीच ना नव्हती. पोस्टीतलं "कॅलरीमेट्री कशाला" तेवढं काढा.

वर्णपटप्रेमी
काढतो. "मिनिटात" मात्र राहणार.

सोनचाफा
पावती आहे माझ्याकडे. ग्राहक आयोगात जाऊ का, ते सांगा कुणीतरी.