शब्दचर्चा: गव्हाण की गोठा?

प्रश्न

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलांचा नाताळचा प्रवेश बसवतोय. संहितेत 'मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं' असं वाक्य आहे. मुलांना शब्द कळत नाही म्हणून एका पालकांनी 'गोठ्यात ठेवलं' किंवा 'पाळण्यात ठेवलं' असं सुचवलं आहे. नाहीतरी आपण घरापुढे देखावा मांडतो त्याला गोठाच म्हणतो. बदल करावा का?

उत्तर

कृपा करून करू नका. गोठा हे गुरांचं घर, तर गव्हाण हे त्यांचं ताट. गुरांच्या तोंडापुढे दगडमातीचा बुटका कठडा घालून आत खोलगट जागा ठेवतात आणि तिथे वैरण टाकतात, ती गव्हाण. शब्द स्त्रीलिंगी आहे : ती गव्हाण, त्या गव्हाणी. तो जुनाट झाला असंही नाही. रोजगार हमीतून पक्का गोठा बांधायच्या सरकारी योजनेत आजही 'गव्हाण' आणि 'मूत्रसंचय टाकी' हीच नावं आहेत. दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हा शब्द शिकवावा लागणार नाही.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. येशूच्या जन्माची कथा सांगणाऱ्या लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, गोठा कुठेच नाही. गव्हाण मात्र तीनदा येते, सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या ओवीत (वचनात). मधला उल्लेख सर्वांत महत्त्वाचा. देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो, की बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं बालक तुम्हाला सापडेल. बाळंत्यातली बाळं बेथलेहेमात त्या रात्री आणखीही असतील, पण गुरांच्या चाऱ्यात निजवलेलं एकच. 'पाळण्यात' केलंत तर मेंढपाळांनी नेमकं कोणतं दार ठोठवायचं?

लूकने वापरलेला ग्रीक शब्द 'फात्ने'. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात, देवाची तक्रार आहे, की बैल धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझी प्रजा मला ओळखत नाही. त्या ओवीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही फात्नेच आहे. आपल्या देखाव्यातले बैल आणि गाढव तिथून आले, लूकच्या जन्मकथेत ते नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण त्या दोन मुक्या जनावरांच्या जागी उभं राहून 'मी ओळखतो का?' असं विचारता येतं.

आणि ताटात काय ठेवतात? अन्न. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर'. पोप संत ग्रेगरी यांनी नाताळच्या प्रवचनात हे नाव आणि गव्हाण एकत्र आणली. त्यांच्याही आधी संत ऑगस्टिन यांनी सांगितलं होतं, की गव्हाणीत ठेवलेला तो आपलं अन्न झाला. मध्यरात्रीच्या मिस्सेत, म्हणजे नाताळच्या उपासनेत, हे वाचन ऐकून थोड्या वेळाने आपण ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, स्वीकारायला रांगेत उभे राहतो. त्या दोन क्षणांना जोडणारा धागा या एका शब्दात आहे, म्हणून माझा एवढा आग्रह.

असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेच्चो गावी नाताळ मांडला, तेव्हा तिथे मूर्ती नव्हत्या. गवत भरलेली गव्हाण, बैल, गाढव आणि गव्हाणीवरच अर्पण केलेली मिस्सा, एवढंच होतं. इटलीत अशा देखाव्याला आजही 'प्रेसेपे' म्हणतात, म्हणजे गव्हाणच. इंग्रजी 'क्रिब'चाही मूळ अर्थ तोच. देखाव्याला आपण खुशाल गोठा म्हणावं, कोकणीतही गोठोच म्हणतात, पण वाचनातला शब्द हलवू नये.

आणखी एक शंका

छान उलगडलंत. मग 'उतारशाळेत जागा नव्हती' याचं काय? धर्मशाळेच्या मालकाने हाकलून दिलं, असा प्रसंग आमच्या प्रवेशात आहे.

उत्तर

तो मालक लूकच्या कथेत नाही. इथला ग्रीक शब्द 'कातालुमा', आणि बाविसाव्या अध्यायात येशू शिष्यांसोबत वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन घेण्यासाठी जी खोली विचारतो, तिलाही लूक हाच शब्द वापरतो. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातली (बोधकथेतली) धर्मशाळा मात्र वेगळ्या शब्दाने येते. म्हणून बरेच अभ्यासक इथे 'पाहुण्यांची खोली' असा अर्थ घेतात. त्या काळच्या पॅलेस्टाईनमधल्या साध्या घरात गुरं रात्री घरातच बांधत. घाटावरच्या जुन्या घरांत सोप्याच्या एका अंगाला बैल बांधत, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. गुहेत जन्म झाला ही परंपराही दुसऱ्या शतकापासूनची आहे, आणि बेथलेहेमचं ख्रिस्तमंदिर गुहेवरच उभं आहे. मुलांना मालकाची भूमिका आवडत असेल तर राहू द्या, फक्त त्याला दुष्ट करू नका.

'बाळंतं' मात्र बदलू नका. आपल्या कॅथलिक बायबलातल्या ज्ञानग्रंथात, सातव्या अध्यायात, राजा शलमोन सांगतो, की मलाही बाळंत्यात गुंडाळून जपलं आणि कुठल्याच राजाची सुरुवात याहून निराळी झाली नाही. मरियेची भूमिका करणाऱ्या मुलीला ही ओवी वाचून दाखवा. आणि खोक्याची गव्हाण करणार असाल तर तिच्यावर गादी घालू नका. कडबा मिळाला नाही तर भाताचा पेंढा चालेल.