जवळा म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: देवमाशांवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात 'क्रिल'ला, म्हणजे देवमासे खातात त्या समुद्रातल्या बारीक जिवांना, मी 'जवळा' लिहिलं. मैत्रिणीने ते खोडून 'लहान कोळंबी' केलं. मला दोन्ही खटकतंय. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं का? की जवळा आणि क्रिल एकच?

प्रतिसाद: ताई, दोन्ही नाही. जवळा हा पूर्ण वाढलेला प्राणी आहे. तो मोठा होऊन कोळंबी होत नाही. आपल्याकडचा जवळा म्हणजे मुख्यतः शास्त्रीय नावाने 'अ‍ॅसिटिस इंडिकस', तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे सहसा न जाणारा. गोंधळाचं कारण डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. त्याची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, इतकी बारीक की जवळ्याबरोबर कोळंबीची खरी पिल्लंही येतात आणि ढिगात सगळे सारखेच दिसतात.

भिंग घ्या आणि पाय मोजा. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, अगदी किनाऱ्याजवळ आलेल्या पिल्लालाही. जवळ्याला तीनच. शिवाय कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा लांब असतो, जवळ्याचा अगदी आखूड.

दुसरा प्रतिसाद: भर घालतो. तीन जोड्या दिसल्या म्हणून लगेच 'इंडिकस' म्हणू नये, त्या 'अ‍ॅसिटिस'च्या सगळ्याच जातींना असतात. इंडिकसच्या शेपटीच्या मधल्या काट्याचं टोक त्रिकोणी असतं, ते बघावं. शेपटीच्या पंख्यावरचे लाल ठिपकेही उपयोगी, पण ताज्या नमुन्यातच. जपणुकीच्या द्रावात रंग उडतो. नराच्या मिशांच्या बुडाशी मादीला धरायचा आकडा असतो, तोही ओळखीला कामी येतो. अर्थात बोलीतल्या 'जवळा' शब्दाला या जाती-पोटजातींशी देणंघेणं नाही, हेही खरंच. इंडिकस ही जात १८३० साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी शास्त्रीय नावानिशी नोंदवली. शब्द त्यांची वाट बघत थांबला नसणार.

प्रश्नकर्ती: मग क्रिल?

पहिला प्रतिसाद: क्रिलचा गणच वेगळा. त्याचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, बाजूने पिसांसारखे उघडे लोंबतात. बहुतेक जातींच्या अंगावर प्रकाश देणारे अवयव असतात. अंटार्क्टिक क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि पाच-सहा वर्षं जगतं. जवळ्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं. गंमत म्हणजे 'क्रिल' हा मूळ नॉर्वेजियन शब्द माशांच्या बारीक पिल्लांसाठी होता. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने केली तीच चूक तिकडेही झाली होती.

भाषांतरात 'क्रिल' तसंच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'जवळ्यासारखा दिसणारा पण वेगळ्या गणातला जीव' एवढं लिहा. 'जवळा' लिहिलंत तर किनाऱ्यावरच्या वाचकाला देवमासा सुकट खातोय असं वाटेल.

प्रश्नकर्ती: पटलं. आता व्याकरण. तुम्ही 'क्रिल वाढतं' म्हणालात. मी 'क्रिल पोहतात' लिहिलंय.

दुसरा प्रतिसाद: जवळा एकवचनीच चालतो, टोपलीभर असला तरी 'जवळा आला', वाळू किंवा भुसा म्हणावं तसं. थवा सांगायचा तर क्रिलही तसंच वापरता येईल, 'क्रिल आलं'. पण एकेकाचे पाय मोजायला बसलात की अनेकवचन लागेलच. जवळ्याचं तिथे माझंही अडतं. 'एक जवळा' म्हणताना जीभ अडखळते.